लोणारवरचे प्रबंध लोणारकरांपर्यंतही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभाच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात तेव्हा पीएच.डी. मिळवणाऱ्यांची नावं आणि प्रबंधांचे विषय मी बारकाईनं वाचते. विषयात 'लोणार' दिसलं की कात्रण कापून फाइलीला लावते. या फाइलीत भूशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, उपग्रह-छायाचित्रांचा अभ्यास, सांडपाण्याचं अभियांत्रिकी शास्त्र, मंदिरशिल्प, पर्यटन, लोकसाहित्य असं सगळं आहे. एका तालुक्याच्या गावावर इतक्या विद्याशाखांची नजर असावी, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येतं. फाइलीत नाही ते एवढंच, की या सगळ्यांना शेवटी काय सापडलं. ते गावात कुणी येऊन सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त आहे. संशोधक विद्यार्थी मेहकरहून एसटीनं उतरतात, चहाच्या टपरीवर सरोवराची वाट विचारतात, आणि कुणीतरी त्यांना माझ्या घराकडे पाठवतं. त्यातल्या कितीतरी जणांना मी विवरात उतरवून नेलं आहे. धारेपाशी पाणी पाजलं आहे, नमुन्याच्या बाटल्या पिशवीत धरून वर चढले आहे. ही मुलंमुली मला मनापासून आवडतात. तेव्हा हे पत्र त्यांच्याविरुद्ध आहे असं कृपया कुणी समजू नये.

लोणारला सगळे का येतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असं हे विवर दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं ते ज्वालामुखीचं की उल्केचं हा वाद चालला. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी पुरावा मांडला, की इथल्या खडकातल्या फेल्डस्पार खनिजाची प्रचंड धक्क्यानं काच झाली आहे आणि असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. बेसाल्टमध्ये आघातानं झालेली विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. चंद्रावरच्या काळपट मैदानांतला आणि मंगळावरचा बराचसा खडकही बेसाल्टच, म्हणून तिकडचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणार लागतं. शिवाय पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू (पीएच) पूर्वापार दहाच्या आसपास. अशा पाण्यात जगणारे जीव इतरत्र सहसा सापडत नाहीत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी २०१२ साली वर्णन केलेल्या एका जिवाणूच्या नावातच 'लोणारेन्सिस' आहे. काठावर कमळजा देवी, गावात दैत्यसूदनाचं मंदिर, लीळाचरित्रात गावाचा उल्लेख; म्हणजे इतिहास आणि भाषेच्या अभ्यासकांनाही इथे भरपूर काम.

आता विवराच्या वयाचंच बघा. गावातले वाटाडे आजही पर्यटकांना सांगतात, 'सर, बावन्न हजार वर्षं.' हा आकडा १९९० च्या दशकातल्या अभ्यासातून आला. आघाताच्या वेळी वितळून झालेली काच पुन्हा तापवायची आणि तिच्यातून निघणारा प्रकाश मोजून वय काढायचं, अशी ती पद्धत. पुढे २०११ साली दुसऱ्या पद्धतीनं मोजमाप झालं. उल्का आदळली तेव्हा खडक वितळला आणि त्यात साठलेला आर्गॉन वायू निघून गेला. खडक थिजल्यावर त्यातल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारी अणूंपासून नवा आर्गॉन साठू लागला. तो किती साठला हे मोजलं की आघात केव्हा झाला ते कळतं. या मोजणीनं वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन आकड्यांत दहा पटींहून अधिक फरक आहे! नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मुलं अर्धा तास एकमेकांशी भांडत होती, की कोणत्या मोजणीवर विश्वास ठेवायचा आणि का. विज्ञान शिकवण्याची इतकी सुंदर संधी पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही, आणि ती आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण दुसरा आकडा गावात आलाच नाही. तो शोधनिबंधात राहिला, इंग्रजीत राहिला. जो वाटाड्या रोज शंभर माणसांना विवराची गोष्ट सांगतो, त्याला ती बदलल्याचं कुणी सांगायचं?

याच्या अगदी उलट अनुभव आम्ही जून २०२० मध्ये घेतला. सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. देवीचा कोप म्हणणारे होते, कुणीतरी रसायन टाकलं म्हणणारे होते. वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही लक्ष घातलं, आणि नमुने नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी आपलं गुलाबी रंगद्रव्य तयार केलं, हे आघारकर संस्थेच्या अभ्यासातून कळलं. नमुना काही काळ स्थिर ठेवला तर हे जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं, हेही. ही माहिती मराठी वृत्तपत्रांत साध्या शब्दांत आली. आमच्या शेजारच्या आजींनी ती नातवाकडून वाचून घेतली आणि मंदिरात जाऊन चार बायकांना सांगितली. कोपाची चर्चा तिथे थांबली. गावाला समजत नाही असं जे म्हणतात, त्यांनी तो आठवडा इथे येऊन पाहायला हवा होता. गावाला सगळं समजतं, फक्त सांगणारा लागतो.

पण दरवेळी पाणी गुलाबी होत नाही आणि दरवेळी न्यायालय विचारत नाही. एरवीच्या संशोधनाचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयातून एक संशोधक आमच्या शाळेत आल्या. आठवी-नववीच्या मुलींचं हिमोग्लोबिन मोजायचं होतं. संमतिपत्र मराठीत होतं, पालकांना वाचून दाखवलं होतं, सगळं रीतसर. मुली रांगेत बसल्या, स्पिरिटचा बोळा, बोटाला सुई, काचेच्या नळीत थेंब. एक मुलगी रक्त पाहून रडायला लागली तेव्हा तिचं बोट मी माझ्या हातात धरलं होतं. बाईंनी प्रत्येकीला नाव, वय, पाळी कधी सुरू झाली, जेवणात पालेभाजी किती वेळा असते, असं विचारलं. लाजणाऱ्या मुलींनी माझ्याकडे बघत बघत उत्तरं दिली. त्यानंतर निकाल आला नाही. मी फोन केला तर 'विश्लेषण चालू आहे' असं उत्तर मिळालं, आणि पुढे फोन लागेनासा झाला. त्या मुली आता कॉलेजात आहेत, दोघींची लग्नं झाली. शाळेत आठवड्याला लोहाच्या निळ्या गोळ्या वाटतात. मुली तोंड वाकडं करतात, गोळी हळूच खिडकीबाहेर जाते. तुझ्या रक्तात लोह इतकं कमी आहे, असं त्यातल्या एकीला जरी तिचा स्वतःचा आकडा दाखवून सांगता आलं असतं, तर तिनं ती गोळी गिळली असती. मुलींचं रक्त घेऊन आपण त्यांना त्यांचाच आकडा दिला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की संशोधनाचे निष्कर्ष सहभागी व्यक्तींना आणि समाजाला कळवण्याचा प्रयत्न व्हावा. तत्त्व कागदावर आहे. ते पाळलं का, हे प्रबंध स्वीकारताना विद्यापीठात कुणी विचारत नाही.

लोकसाहित्याच्या एका अभ्यासिकेनं नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेत एका आजींच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. जातं केव्हाच अंगणात उपडं पडलेलं, पण गळा शाबूत होता. लेकीच्या सासराच्या, भावाच्या, विवरातल्या देवीच्या ओव्या त्या एकामागून एक म्हणत गेल्या. पदवी मिळाली असेल, मिळावीच. आजी गेल्या. त्यांची नात माझ्याकडे विचारायला आली, की त्या बाईंकडचा आवाज मिळेल का. कोणत्या विद्यापीठाच्या होत्या, तेही घरात कुणाला सांगता आलं नाही. याच महाराष्ट्रात गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, तेव्हा गाणारीचं नाव, गाव आणि जिथे मिळाला तिथे तिचा आवाज असं सगळं सोबत होतं. म्हणजे हे होऊ शकतं. ज्याची वस्तू त्याच्या नावासकट जपता येते.

अभियांत्रिकीचं उदाहरण जरा समाधानाचं आहे. गावाचं सांडपाणी सरोवरात उतरतं, हा लोणारचा जुना घाव आहे. त्या विषयावरचा एक प्रबंध मी 'शोधगंगा'वर शोधून काढला. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'नं चालवलेलं हे भांडार म्हणजे खरोखर मोठी सोय आहे, देशभरातले लाखो प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. पण ते उघडायला इंग्रजी यावं लागतं, कोणत्या फाइलीत काय आहे ते कळावं लागतं, आणि चिकाटी लागते. मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. चौथ्या प्रकरणात एक नकाशा होता: उतार कुठून कुठे, कोणत्या ओहोळानं किती पाणी येतं, कुठे अडवलं तर सर्वांत जास्त फरक पडेल. ते ओहोळ दाखवायला त्या विद्यार्थ्याबरोबर आमच्याकडचा एक गुराखी हिंडला होता, हे मला ठाऊक आहे. ऋणनिर्देशात 'स्थानिक लोकांचे आभार' एवढी एकच ओळ होती. मी त्या नकाशाची मोठी झेरॉक्स काढली, बाजूला मराठीत खुणा लिहिल्या आणि एका नगरसेवकाला नेऊन दिली. त्यांनी तो टेबलावर पसरला, आपल्या प्रभागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'बाई, हे आम्हाला आधी का नाही कोणी दिलं?' गुराख्यालाही मी तो दाखवला. त्यानं नकाशा उलटा धरला, मग सुलटा केला, मग एका रेषेवर बोट टेकवून सांगितलं, की हा ओहोळ आता इकडून जात नाही, रस्ता झाल्यापासून वळला. म्हणजे प्रबंध तोंडी परीक्षेआधी गावात वाचला गेला असता, तर त्यातली ती रेषही नीट झाली असती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निष्कर्ष परत आणणं हे उपकार म्हणून नको आहे. त्यानं संशोधन अधिक खरं होतं.

संशोधकांच्या अडचणी मला माहीत आहेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, पण ती सगळ्यांना नसते. ज्यांना असते त्यांचे पैसे कित्येकदा वेळेवर येत नाहीत. माझ्या ओसरीवर बसून घरी फोन करताना 'या महिन्यात तेवढं भागवा' म्हणणारी मुलं मी ऐकली आहेत. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ जणांपर्यंत विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. नोंदणीपासून सहा वर्षांत संपवायचं, सर्वसाधारणपणे फार तर फेरनोंदणी करून आणखी दोन. त्या वर्षांत लग्न, बाळंतपण, आईवडिलांची आजारपणं, तासिका तत्त्वावरची नोकरी. अशा माणसाला आणखी एक काम सांगणं माझ्या जिवावर येतं. म्हणूनच माझं म्हणणं असं, की हे जास्तीचं काम म्हणून लादू नये, प्रबंधाचाच भाग म्हणून धरावं, त्याला श्रेयांक द्यावेत आणि त्यासाठीच्या प्रवासाचा खर्च विद्यापीठानं करावा.

नेमकं काय हवं आहे तेही सांगते. जो प्रबंध महाराष्ट्रातल्या एखाद्या गावावर, तिथल्या माणसांवर, मातीपाण्यावर किंवा त्यांच्या तोंडच्या शब्दांवर उभा आहे, त्यासोबत आठ-दहा पानांचा मराठी सारांश सक्तीचा असावा. संगणकानं उलथापालथ करून दिलेलं भाषांतर नको. संशोधकानं स्वतः लिहिलेला, दहावी झालेल्या माणसाला वाचता येईल असा हवा. तो 'शोधगंगा'वर प्रबंधाशेजारीच असावा आणि त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या वाचनालयात यावी. मौखिक परीक्षेच्या आधी एकदा त्या गावात, शाळेच्या वर्गात नाहीतर चावडीवर, निष्कर्ष सांगावेत आणि लोकांनी काय विचारलं ते प्रबंधात जोडावं. ध्वनिमुद्रण केलं असेल तर त्याची प्रत घरच्यांना द्यावी. रक्त किंवा तपासणी असेल तर ज्याचा त्याला निकाल मिळालाच पाहिजे, आणि तो गुप्त राहिला पाहिजे. संशोधक अमराठी असेल तर मार्गदर्शकानं किंवा विभागातल्या कुणी मदत करावी. परदेशातून येणाऱ्यांनाही आमची मुलं आनंदानं मदत करतील.

यात कायद्याची अडचण मला दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची नोव्हेंबर २०२२ ची विनियमावली पीएच.डी.साठीची किमान मानकं ठरवते. किमानाच्या वर एखादी चांगली अट घालायला विद्यापीठांच्या विद्या परिषदांना कुणी अडवलेलं नाही. याच विनियमावलीनं प्रबंध सादर करण्याआधी नियतकालिकात लेख छापण्याची सक्ती काढून टाकली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा त्या सक्तीवर धंदा चालला होता, तेव्हा ती गेली हे बरंच झालं. तिथे जाणारा वेळ आणि पैसा गावाकडे वळू द्या. लोणारपुरतं तर आणखी सोपं आहे. सरोवर २००० सालापासून अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. आत काम करायला वनविभागाची परवानगी लागते. त्या परवानगीच्या अटींतच मराठी सारांशाची एक ओळ घालता येईल.

मराठीत हे लिहिता येणार नाही असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझी विनंती, की वाईचा विश्वकोश उघडून पाहावा, शासनाचे परिभाषा कोश पाहावेत, १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद काय छापते ते वाचावं. समस्थानिक, रंगद्रव्य, आघात विवर हे शब्द माझ्या वर्गातली मुलं सहज बोलत होती. नेदरलँड्ससारख्या छोट्या देशात प्रबंध इंग्रजीत लिहिला तरी शेवटी डच भाषेत सारांश जोडण्याची रीत आहे. आपल्या केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागानंही २०१८ साली 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली, पीएच.डी. करणाऱ्यांनी आपलं काम सामान्य वाचकाला समजेल असं लिहावं म्हणून. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं. त्या विद्यापीठानं आमच्या विभागातल्या संशोधकांसाठी सारांश लिहिण्याची कार्यशाळा घेतली, तर मी पहिल्या दिवशी येऊन बसेन.

लोणारला सध्या या सगळ्याची फार निकड आहे. अलीकडे सरोवराची पातळी वाढून पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आलं आहे. याच सरोवराचा तळ उघडा पडलेला आम्ही २००६ च्या सुमारास पाहिला होता. पाणी का वाढलं? भूजलामुळे, गावाच्या सांडपाण्यामुळे की पावसामुळे? त्यानं खारटपणा उतरला तर ते जीव आणि ते रंग राहतील का? पुन्हा नवे संशोधक येतील, नमुने नेतील. त्यांनी यावंच, आणि जे कळेल ते आम्हाला सांगायलाही यावं.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पदवी मिळालेल्यांची यादी छापता तशी आठवड्यातून एकदा एका प्रबंधाची मराठी ओळख छापा, लिहिणारा संशोधक स्वतः असू द्या. आणि विद्या परिषदांपर्यंत हे पत्र पोहोचवा. लोणारवर ज्यांनी प्रबंध लिहिला आहे किंवा लिहीत आहेत त्यांनी शाळेत संपर्क साधावा. सभागृह मिळवून देणं, लोक जमवणं, सारांशाचा मसुदा वाचून कुठे कळत नाही ते सांगणं, एवढं काम मी आनंदानं करीन. त्या हिमोग्लोबिनच्या वह्या कुणाकडे अजून असतील तर मुलींची नावं आणि पत्ते माझ्याकडे आहेत. निकाल बंद लिफाफ्यात पाठवावेत, जिचा तिच्या घरी मी स्वतः नेऊन देईन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
लोणार, जि. बुलढाणा